गुडघ्याची दुखापत आणि दुरून होणारा उपचार

कबड्डीच्या मैदानावर झटकन् वळतांना पाऊल जमिनीला रुतून राहतें, शरीर फिरतें, आणि गुडघ्यांत कांहींतरी तुटल्यासारखा आवाज होतो. थोड्याच तासांत सांधा सुजतो. अशा गुडघ्याला व्यायाम कोणता द्यावा, हा प्रश्न पुढचा. आंत काय फाटलें आहे, हा पहिला. येथें हाताच्या स्पर्शाचें काम दुसऱ्या कशानें होत नाहीं. रोग्याला उताणें निजवून गुडघा २० ते ३० अंशांत वांकवावयाचा, एका हातानें मांडी स्थिर धरावयाची आणि दुसऱ्या हातानें नडगी पुढें ओढून पाहावयाची. ती दुसऱ्या पायाहून अधिक सरकली आणि अखेरीस ठाम अटकाव लागला नाहीं, तर सांध्यांतील पुढचा अस्थिबंध तुटल्याचा संशय बळावतो. लॅकमनच्या नांवानें ओळखली जाणारी ही परीक्षा पडद्यावरून करतां येत नाहीं.

निदान एकदां झालें म्हणजे मात्र चित्र पालटतें. सुजलेल्या सांध्याकडून जे संदेश जातात त्यांमुळें मांडीच्या पुढील स्नायूला मिळणारी चेतना दबते. स्नायु धड असूनहि नीट आवळत नाहीं आणि दिवसेंदिवस रोडावतो. त्याला पुन्हां कामाला लावणें हा उपचाराचा गाभा होय, आणि तें काम रोग्यानें स्वतःच, रोज, करावयाचें असतें. फिजिओथेरपिस्ट आठवड्यांतून एकदोनदां भेटणार. उरलेले दिवस रोग्याचेच! दुखरा पाय घेऊन एस.टी.नें तालुक्याच्या गांवीं हेलपाटे घालणारा मनुष्य दोन खेपांनंतर उपचार सोडून देतो, तेथें दूरध्वनीवरील चित्रभेट खरोखर उपयोगी पडते. कॅमेरा तेवढा बाजूनें, गुडघ्याच्या उंचीवर ठेवावा; पुष्कळांचा चेहराच दिसत राहतो.

ऑस्ट्रेलियांत ३९४ जणांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाले. जुनी गुडघेदुखी असलेल्या, ४५ वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या या मंडळींची दैवयोगानें दोन गटांत वांटणी केली होती. तीन महिन्यांत प्रत्येकास पांच भेटी, एका गटास समक्ष व दुसऱ्यास पडद्यावरून. वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत पडद्यावरील उपचार उणा ठरला नाहीं. पण हे रोगी झिजेच्या दुखण्याचे होते, ताज्या दुखापतीचे नव्हेत. हा निर्णय जसाच्या तसा त्या कबड्डीपटूस लावणें धाडसाचें होईल.

गुडघा मध्येंच अडकून सरळ होईनासा झाला, किंवा शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखूं लागली, तर पडद्यावरील पुढच्या भेटीची वाट पाहूं नये. तडक डॉक्टरकडे जावें. आणि मैदानावर परतण्यापूर्वींची परीक्षाहि समक्षच व्हावी. दोन्ही पायांचें बळ यंत्रानें मोजून ताडून पाहतात, एका पायावर लांब उडी मारावयास लावतात, आणि उतरतांना गुडघा आंत झुकतो कीं काय, तें न्याहाळतात. तेवढी मोकळी जागा पलंग आणि कपाट यांच्यामध्यें सहसा नसते.