एका सुट्टीत चार हजार वर्षं : हूरा ते वाळवंटातली शमी

गावाहून पाहुणे आलेत, हातात सुट्टीचा एकच दिवस आहे आणि मॉल तर सगळे पाहून झालेत. मग त्यांना न्यायचं कुठं? आजच्या भागात त्याचंच उत्तर आहे. हूरामधून सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. वाटाड्या आणि गाडी ठरवलीत तर उत्तमच, नाहीतर चौघांनी मिळून टॅक्सी करा. वाटेत लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा, ती म्हणजे पाणी. या बेटाची सगळी कहाणी पाण्याभोवती फिरते.

सुरुवात घराजवळूनच करा. हूराच्या कडेला, अल फतेह हायवेवर समुद्राला लागून बहारीनचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते १९८८ साली उघडलं. आधी इथं तासभर घालवा, म्हणजे पुढं उघड्यावर दिसणारे दगड बोलायला लागतात. चार हजार वर्षांपूर्वी या भागाला दिलमून म्हणत. इथले व्यापारी मगान, म्हणजे आजच्या ओमानकडून तांबं आणत आणि ते इराकमधल्या ऊर शहराला पोचवत. एआ-नासिर नावाच्या ऊरच्या व्यापाऱ्यानं हलकं तांबं गळ्यात मारलं, म्हणून एका गिऱ्हाइकानं मातीच्या पाटीवर लिहिलेली तक्रार आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते तांबं दिलमूनच्याच व्यापारातलं.

संग्रहालयात दिलमूनच्या गोल मुद्रा नीट पाहा. तशीच एक मुद्रा आपल्याकडं लोथलला सापडली. तिथं १९५५ ते १९६० या काळात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं आणि तेव्हा तो भाग मुंबई राज्यातच होता. उलट बाजूनं, सिंधू संस्कृतीतली दगडी घनाकृती वजनं इथं बहारीनमध्ये सापडली. दिलमूनच्या बाजारात माल तोलला जायचा तो सिंधूच्या मापानं. त्यामुळं 'आपली माणसं इथं कधीपासून आहेत?' असं मुलांनी विचारलं, तर उत्तर तेलाच्या विहिरींपासून सुरू करू नका.

दुसरा मुक्काम कलात अल बहारीन, म्हणजे बहारीनचा किल्ला. मोटारीनं पंधरा-वीस मिनिटांची वाट. वर दिसणारा कोट सोळाव्या शतकातला. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये बहारीन घेतलं आणि १६०२ पर्यंत ते त्यांच्या ताब्यात होतं. या कोटाचे बुरूज त्यांनीच मजबूत केले. वसईचा किल्ला पाहिलेल्यांना ओळखीचं काहीतरी वाटेल. पण खरी गंमत कोटाच्या खाली आहे. तुम्ही उभे असता ती टेकडी नैसर्गिक नाही. सुमारे इ.स.पू. २३०० पासून माणसं इथं राहिली, घरं पडली, त्यावर नवी बांधली आणि थरावर थर चढत टेकडी झाली. १९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकानं ती खणायला घेतली. तेव्हा एका वाड्याच्या जमिनीखाली मातीच्या वाडग्यांत पुरलेले साप सापडले, काहींच्या सोबत मोतीही. वाटाड्याला सापांची जागा दाखवायला सांगा. २००५ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

तिथून जवळच बारबार आहे. एकावर एक बांधलेली तीन देवळं, सर्वांत जुनं साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं. बैलाचं तांब्याचं जे सुंदर मस्तक तुम्ही सकाळी संग्रहालयात पाहिलंत, ते इथलंच. इथं पायऱ्या उतरून खाली जाणारं पाण्याचं कुंड आहे. बारव पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जमिनीतून वर येणारं गोडं पाणी इतकं मोलाचं होतं की त्याच्याभोवती देऊळ बांधलं. बहारैन या शब्दाचा अर्थच दोन समुद्र. खारा समुद्र आणि त्याच्या तळातूनही उसळणारे गोड्या पाण्याचे झरे, असा त्याचा उलगडा केला जातो.

ते झरे आता बहुतेक आटलेत. हजारो वर्षं पुरलेलं पाणी पंप आल्यावर काही दशकांत खाली गेलं आणि भूजलात खारं पाणी शिरलं. आज आपल्या नळाला येतं ते मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं करून. एकामागून एक बोअर मारणाऱ्या गावातून तुम्ही आला असाल, तर या कुंडापाशी दोन मिनिटं जास्त थांबा.

दुपारी दक्षिणेला आलीकडं वळा. घरांच्या मध्येच मातीचे प्रचंड उंचवटे दिसतील. ती दिलमूनच्या राजांची थडगी. २०१९ मध्ये युनेस्कोनं इथल्या २१ ठिकाणांचा वारशात समावेश केला. त्यांत ११,७७४ थडगी आहेत. बाकीची हजारो रस्त्यांखाली आणि वस्त्यांखाली गेली. म्हणून विनंती आहे, उंचवट्यांवर चढू नका आणि खापराचा तुकडाही उचलू नका. आलीत मातीची भांडी अजून चाकावर घडतात. आठवण हवी असेल तर तिथून घ्या.

आता रस्ता वाळवंटात शिरतो. जबल अद दुखान, म्हणजे धुराचा डोंगर, हा देशातला सर्वांत उंच भाग, पण उंची जेमतेम १३० मीटरच्या आसपास. त्याच्या पायथ्याशी १९३२ मध्ये तेल लागलं. आखाताच्या अरबी किनाऱ्यावरची ती पहिली तेलविहीर. आपल्यातल्या बहुतेकांच्या इथल्या भाकरीचं मूळ तिथं आहे.

तिथून दोनेक किलोमीटरवर शेवटचा मुक्काम, शजरत अल हयात, जीवनवृक्ष. सुमारे चारशे वर्षांचं, जवळपास दहा मीटर उंच झाड एकटंच उभं आहे. जात कोणती? शमी. गावाकडं हिला सौंदडही म्हणतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपण जिची पूजा करतो, तीच. तिची मुळं फार खोल जातात आणि ओल शोधतात, म्हणून ती इतक्या कोरड्यात तगते. लोकांनी खोडावर नावं कोरली, म्हणून आता भोवती कुंपण आहे. मुलांना कुंपणाचं कारण जरूर सांगा.

निघण्यापूर्वी एवढं करा. संग्रहालय आणि किल्ल्याच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा. ही सहल नोव्हेंबर ते मार्च या काळातच ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायलाही इथं कायद्यानं बंदी असते, तिथं लहान मुलांना आणि आजी-आजोबांना नेऊ नका. झाडाजवळ दुकान मिळेल असं धरून चालू नका, प्रत्येकी दोन लिटर पाणी गाडीत ठेवा. टोपी आणि बंद बूट हवेतच.

आणि एक सांगणं. तुमच्या इमारतीत कुणी एकटा कामगार राहत असेल, ज्याला आठवड्यात फक्त शुक्रवार मिळतो आणि ज्यानं कॅम्प आणि साइट यापलीकडं हा देश पाहिलेला नाही, तर गाडीतली एक जागा त्याला द्या. सिंधूच्या वजनांनी माल तोलणारे इथं येऊन गेले, हे त्यालाही कळू द्या.