मार्च आला की फोन सुरू

मी पुण्यात आर्थिक सल्लागार आहे. मार्चमध्ये माझं जेवण फोन कानाला लावूनच होतं. ‘८० सी’चे दीड लाख लोकांना तेव्हाच आठवतात. नवी करप्रणाली घेतलीत तर ती वजावट मिळतच नाही, हे सांगितलं की पलीकडे चिडीचूप.

फाइल उघडली की पॉलिसीच पॉलिसी. एखादी मावसभावाच्या भिडेखातर घेतलेली, एखादी ऑफिसातल्या मित्राकडून. हप्ते भरून माणूस मेटाकुटीला आलेला आणि विम्याचं कवच जेमतेम पाच लाखांचं! मी आधी साधा टर्म इन्शुरन्स घ्यायला लावते, मग सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. एसआयपीचं नाव त्यानंतर.

सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणीकृत सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो. त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. फी ऐकून मंडळी बिचकतात. कमिशन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते चालतं!

नवरा म्हणतो, नातेवाइकांनाही बिल लाव. सासूबाईंच्या एफडीला मात्र मी हात लावत नाही. त्या पावत्यांच्या जिवावर त्यांना शांत झोप लागते.

सल्लागाराकडे जाल तेव्हा आधी सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. सेबीच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो.