वर्षावासाचा विनय आणि साथीच्या काळातील घरवास

मार्च २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा बौद्ध उपासक-उपासिकांपुढे एक पेच उभा राहिला. आजारी माणसाजवळ धावून जावे, ही धम्माची शिकवण. कोणाच्याही जवळ जाऊ नये, हा शासनाचा आदेश. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? ज्याने त्याने आपापल्या परीने मार्ग काढला. तो मार्ग धम्माला धरून होता की केवळ नाइलाजाने स्वीकारलेला होता, याचा निवांतपणे विचार करण्याची ती वेळ नव्हती. पुढे ५ मे २०२३ रोजी, योगायोगाने वैशाख पौर्णिमेच्याच दिवशी, जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु विषाणूची साथ पुन्हा येणारच नाही, अशी ग्वाही वैद्यकशास्त्र देत नाही. म्हणून त्या प्रश्नाचा विचार आता करणे इष्ट आहे. एका जागी थांबणे आणि एकमेकांची शुश्रूषा करणे या दोन गोष्टी विनयात परस्परविरोधी नाहीत, त्या एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत, असे आमचे प्रतिपादन आहे. तो नियम म्हणजे वर्षावास.

विनयपिटकातील महावग्गाचा तिसरा खंधक वर्षावासासंबंधी आहे. त्यातील कथा सर्वपरिचित असली तरी तिच्यातील कारण बहुधा विसरले जाते. प्रारंभी भिक्खूंसाठी असा काही नियम नव्हता. ते हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा या तिन्ही ऋतूंत चारिका करीत. त्यावर लोक कुरकुर करू लागले. शाक्यपुत्रीय श्रमण भर पावसाळ्यातही हिंडतात, हिरवे गवत तुडवितात, असंख्य लहान जीव पायाखाली चिरडतात. अन्य पंथांचे परिव्राजकसुद्धा या दिवसांत एका ठिकाणी राहतात, इतकेच काय, पक्षीही झाडाच्या शेंड्यावर घरटे करून थांबतात, अशी त्यांची तक्रार होती. ती तथागतांच्या कानावर गेली आणि त्यांनी वर्षावासाचा नियम घालून दिला.

भिक्खू पावसात भिजतील, तापाने आजारी पडतील, असे कारण या कथेत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. थांबावयाचे ते स्वतःचा बचाव करण्यासाठी नव्हे, तर आपल्या चालण्याने दुसऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून. चालणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पायाखाली काय चिरडले गेले, हे त्याला दिसतही नाही. तरीही अपाय व्हावयाचा तो होतोच.

विषाणूच्या साथीत नेमके हेच घडते. साथीच्या पहिल्या वर्षी कोरोनाची लागण झालेल्या व्यक्तीत लक्षणे दिसण्यास साधारणपणे पाच-सहा दिवस आणि काही वेळा चौदा दिवसांपर्यंत अवधी लागत असे. लक्षणे दिसण्यापूर्वीच एक-दोन दिवस ती व्यक्ती इतरांना रोग देऊ शकत होती आणि कित्येकांना तर लक्षणे कधीच जाणवली नाहीत. धडधाकट तरुण बाजारातून घरी येई आणि त्याच्या वृद्ध आईला रुग्णालयात न्यावे लागे. अशा वेळी घरात थांबणारा माणूस भित्रा ठरत नाही. तो पाणातिपातापासून विरत राहण्याचे शील पाळीत असतो. या दृष्टीने पाहिले म्हणजे घरवासाचा अर्थच पालटतो. भीतीने दार लावून घेणारा शेजाऱ्याला शत्रू समजतो. मैत्रीने दार लावून घेणारा त्याच दारातून शेजाऱ्याची चौकशी करतो.

आता या नियमाची दुसरी बाजू पाहू. वर्षावासाचे तीन महिने भिक्खूने आवास सोडून जाऊ नये, असा नियम असला तरी ‘सत्ताहकरणीय’ नावाची एक सवलत त्याच खंधकात दिलेली आहे. सात दिवसांत परत येण्याच्या अटीवर भिक्खूला बाहेर जाता येते. उपासकाने विहार बांधला, दान देण्याची वा धम्म ऐकण्याची इच्छा प्रकट केली, तर बोलावणे आल्यावर जावे. परंतु भिक्खू, भिक्खुणी, सिक्खमाना, सामणेर वा सामणेरी यांच्यापैकी कोणी आजारी असेल, तर बोलावणे आले नसले तरीही जावे. मग आले असेल तर बोलावयासच नको. माता किंवा पिता आजारी असल्यासही हीच मुभा आहे. रुग्णासाठी अन्न मिळविणे, औषध मिळविणे, परिचारकासाठी अन्न मिळविणे आणि प्रत्यक्ष शुश्रूषा करणे, अशी जाण्याची प्रयोजनेही तेथे नमूद आहेत. म्हणजे ज्या तथागतांनी थांबण्याचा नियम केला, त्यांनीच रुग्णासाठी बाहेर पडण्याचे दार उघडे ठेवले. नियम आणि अपवाद या दोहोंच्या मुळाशी एकच करुणा आहे.

आपल्या जवळच्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याच्या वस्तीबाहेर, हडपसरजवळील ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. प्लेग हा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग. पण संसर्गाचा प्रश्न तोच होता. दवाखाना दाट वस्तीपासून दूर, मोकळ्या माळावर होता. रुग्ण मात्र तेथे एकटा नव्हता. रुग्णांची सेवा करीत असतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

साथीच्या काळात ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी झाला. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सामाजिक अंतराचा दाह सोसला, त्याच्या कानाला तो बोचणे स्वाभाविक होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पसंत केला. हा केवळ शब्दांचा वाद नाही. विषाणूपासूनचे अंतर काही फुटांचे आणि काही दिवसांचे असते. ते दोन्ही बाजूंनी सारखेच पाळावयाचे असते व धोका संपला की संपते. अस्पृश्यतेचे अंतर जन्माने ठरते, एकाच बाजूवर लादले जाते आणि त्याला अखेरचा दिवस नसतो. आपले पूर्वज शिवाशीव पाळीत होते ते शास्त्रशुद्धच होते, असे सांगणारे पंडित त्या काळात पुन्हा पुढे आले. त्यांना एवढेच विचारावे की, जिचा विटाळ मानीत त्याच स्त्रीने बाळंतपणात सुईण म्हणून यावे, हे कोणत्या रोगशास्त्रात बसते?

वर्षावासाच्या खंधकात आणखी एक भाग आहे. टाळेबंदीच्या संदर्भात तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिंस्र श्वापदे, सर्प वा चोर यांचा उपद्रव झाला, गाव जळाले, पुराने वाहून गेले, तर भिक्खूने वर्षावास मोडून निघून जावे; त्यात आपत्ती, म्हणजे दोष, नाही. एवढ्यावर हा विनय थांबत नाही. पुरेसे अन्न मिळत नसेल, योग्य औषध मिळत नसेल, आजारपणात योग्य परिचारक मिळत नसेल, तरीही आवास सोडून जाण्यास हरकत नाही, असे तेथे सांगितले आहे. याचा अर्थ उघड आहे. ज्याला थांबावयास सांगावयाचे, त्याच्या अन्नाची, औषधाची आणि शुश्रूषेची सोय असली पाहिजे. ती नसेल, तर निघून जाणारा दोषी नाही.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली, तेव्हा तिची पूर्वसूचना अवघ्या चार तासांची होती. रोजंदारीवर जगणारा मजूर जेथे होता तेथेच अडकला. काम गेले, शिधा संपला, खोलीचे भाडे थकले. मग लाखो लोक पायी गावाकडे निघाले. त्यांना बेजबाबदार ठरविणारे सुशिक्षित आवाज त्या वेळी बरेच ऐकू आले. ७ मे २०२० रोजी बुद्धपौर्णिमा होती. दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर थकून झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. जालन्याहून निघून त्यांना मध्य प्रदेशातील आपल्या गावी पोहोचावयाचे होते. विनयाच्या कसोटीवर त्यांचे चालणे दोषास्पद ठरत नाही. दोष शोधावयाचा असेल तर तो अन्यत्र शोधावा लागेल.

थांबणे ही गोष्ट सर्वांना सारखीच शक्य नसते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, संडास वस्तीचा सामाईक असतो आणि पाणी ठरावीक वेळेलाच येते. सफाई कामगाराला तर घरी बसण्याची मुभाच नव्हती. आपल्या समाजातील फार मोठा वर्ग अशाच परिस्थितीत राहतो. म्हणून घरवासाचे शील एकट्याने पाळता येत नाही, ते संपूर्ण वस्तीने मिळून पाळावयाचे असते. विहाराच्या सभागृहात शिधा जमविणे, ज्या घरात रुग्ण आहे त्याच्या उंबऱ्यापर्यंत जेवणाचा डबा पोहोचविणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे औषध आणून देणे, ही कामे वस्त्यावस्त्यांतील तरुणांनी आणि महिला मंडळांनी केली. ती समाजसेवा तर होतीच. पण तिला सत्ताहकरणीयाचा आधार आहे, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

रोगपरिचर्येसंबंधीचा मूळ प्रसंग महावग्गाच्या आठव्या खंधकात आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आठव्या खंडात तो घेतला आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याने इतरांसाठी कधी काही केले नव्हते, म्हणून इतरही त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचावर निजविले. नंतर त्यांनी संघाला समज दिली की, येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर पाहणार कोण? रुग्णाने पूर्वी काय केले होते, याचा हिशेब शुश्रूषेच्या वेळी मांडावयाचा नसतो, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

याच ठिकाणी रुग्णाचे आणि परिचारकाचे गुणदोष सांगितले आहेत. पथ्य न पाळणारा, औषध न घेणारा, आपला आजार वाढला की कमी झाला हे खरे न सांगणारा रुग्ण शुश्रूषेस कठीण मानला आहे. औषध तयार करता येणे, काय हितकर व काय अहितकर हे जाणणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची व उलटीची किळस न मानणे आणि धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करणे, हे परिचारकाचे गुण होत. अडीच हजार वर्षांनंतरही यातील एकही कलम जुने झालेले नाही. २०२० मध्ये अनेकांनी ताप लपविला. त्याला अज्ञानापेक्षा बदनामीची भीती अधिक कारणीभूत होती. रुग्णाच्या दारावर फलक लागत होते, वाडीत कुजबुज होत होती. असे फलक सरसकट लावण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले. रुग्णाने खरे सांगावे, अशी अपेक्षा करणाऱ्या वस्तीने आधी खरे ऐकण्याची पात्रता अंगी आणली पाहिजे.

परिचर्येत धम्मकथेला स्थान आहे, मंत्राला नाही. वैशालीत दुष्काळ व रोगराई पसरली असता रतनसुत्ताचे पठण झाले, अशी कथा अट्ठकथेत आहे. सुत्तपठणाने घाबरलेल्या मनाला धीर येतो, हे खरेच. पण त्यामुळे विषाणू मरत नाही. सुत्त म्हणावे, मुखपट्टी बांधावी आणि लसही घ्यावी.

घरात थांबल्यानंतर घरातील माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, यासंबंधीही महावग्गात एक मार्मिक कथा आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण होऊ नये म्हणून परस्परांशी मुळीच न बोलण्याचे ठरविले. जो भिक्षेहून आधी येईल त्याने आसने मांडावीत, पाणी ठेवावे. एकट्याने न उचलणारा घडा असेल तर दुसऱ्याला हाताने खुणावावे. व्यवस्था चोख होती. वर्षावास संपल्यावर त्यांनी हे मोठ्या समाधानाने तथागतांना सांगितले, तेव्हा तथागतांनी त्यांना प्रशस्ती दिली नाही. हे पशूंसारखे राहणे झाले, असे म्हणून त्यांनी मौनव्रताचा निषेध केला आणि पवारणेचा विधी घालून दिला. त्यानुसार वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने इतरांना आपले दोष दाखविण्याची विनंती करावयाची असते. उलट अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे तिघे अशाच व्यवस्थेने, हाताच्या खुणेने कामे करीत राहत. परंतु दर पाचव्या रात्री ते एकत्र बसून धम्मचर्चा करीत. एवढ्या एका फरकाने त्यांचा सहवास आदर्श ठरला. टाळेबंदीत कितीतरी घरांत स्वयंपाक, भांडी आणि रुग्णाची उस्तवार एकट्या गृहिणीवर पडली आणि तिचे म्हणणे ऐकावयास कोणाला सवड नव्हती. अशा घराला पवारणेची गरज होती.

१४ एप्रिल २०२० रोजी आपण भीमजयंती घरात साजरी केली. त्याच दिवशी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली. त्या वर्षी दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा झाला नाही आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन झाले. वर्षावासातील ग्रंथवाचन विहाराऐवजी घराघरांत, काही ठिकाणी दूरध्वनीवरून चालले. लाखोंच्या संख्येने एकत्र येणे हे ज्या समाजाचे बळ आहे, त्याने न येण्याचा निर्णय पाळला. त्याची म्हणावी तशी नोंद झाली नाही.

विनयात शेवटी एक छोटासा नियम आहे. भिक्खू मरण पावला असता त्याचे पात्र व चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, कारण परिचारकाचे उपकार फार मोठे असतात. परिचारकाने लाभाच्या आशेने सेवा करू नये, असे सांगणारा विनयच संघाने त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, असेही सांगतो. साथीत घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा सेविकांना मात्र जून २०२१ मध्ये मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले होते.