घात चतुर्दशीचं पान

भाद्रपद वद्य चतुर्दशी म्हणजे घात चतुर्दशी. शस्त्रानं, अपघातानं, लढाईत गेलेल्यांचं श्राद्ध या दिवशी. चतुर्दशीलाच पण अंथरुणावर गेलेल्या माणसाचं मात्र दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला घालतात. कवठे महांकाळला आमच्या घरी या तिथीला आजोबांच्या धाकट्या भावाचं पान वाढलं जातं. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून ते परत आले नाहीत.

आई पहाटेच चुलीपाशी बसते. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूची पातळ भाजी, गवार, कारलं, आमसुलाची चटणी. कांदा-लसूण नाही, आणि पान वाढून होईपर्यंत कुणी चवही घ्यायची नाही. मीठ सगळं अंदाजानं. वडा फुगला की ती कढईकडे बघतच म्हणते, "धाकट्या मामंजींचं आधी काढा." तिनं त्यांना पाहिलेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं हे पान तिच्या हाती दिलं, एवढीच ओळख. वडील काळे तीळ घातलेलं पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून सोडतात, नाव घेतात, मग नैवेद्य माळवदावर जातो. कावळ्याला कधीकधी फार वेळ लागतो. तोवर खालची माणसं जेवत नाहीत.

हे सगळं रीतसर होतं, कारण ते गेले हे घराला कुणीतरी एकदाचं सांगितलं होतं. ज्यांना ते कुणीच सांगितलं नाही, त्यांनी काय करायचं?

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई-७ विमान डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात पाकिस्तानातल्या शोरकोट रोड विमानतळावरच्या हल्ल्यात पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत 'टॉम्बे' असं एक नाव त्या दिवसांत पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आलं. त्यांच्या पत्नी दमयंती बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. शांतता झाली, ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी परत गेले, तांबे आले नाहीत. बेपत्ता ५४ जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे. पाकिस्ताननं कुणी आपल्याकडे असल्याचं कायम नाकारलं. २००७ साली नातेवाईक तिथल्या तुरुंगांत जाऊन आले, आणि रिकाम्या हातांनी परतले.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानं सात वर्षांची मुदत घातली होती. तेवढ्या काळात ज्याची काहीच खबर नाही, तो जिवंत आहे म्हणणाऱ्यानंच ते सिद्ध करायचं. धर्मशास्त्र बारा वर्षं थांबायला सांगतं. मग पालाशविधी. पळसाच्या ३६० देठांचा माणूस रचायचा, डोक्याला ४०, मानेला १०, असं करत पायांच्या बोटांपर्यंत, आणि त्याला अग्नी द्यायचा. ज्यांनी हा विधी बसवला, त्यांनी देह न मिळालेल्या घराचं दुःख जवळून पाहिलं असणार. देठ मोजून ठेवताना हातांना काम मिळतं आणि दुःखाला आकार. पण माणूस पकडला गेल्याची बातमी छापून आलेली असेल, तर तो पुतळा कुणी आणि कोणत्या मनानं पेटवायचा? माझ्या मते ही जबाबदारी घरावर टाकणं हाच मोठा अन्याय आहे. उत्तर देणं दोन्ही सरकारांचं काम होतं, आणि आजही आहे.

आपल्या तालुक्यातल्या ज्या घरांत असं एखादं पान वाढलं जातं, त्यांना एक विनंती. त्या माणसाचं पूर्ण नाव, सैनिक क्रमांक, तुकडी आणि शेवटच्या पत्राची तारीख वहीत उतरवून ठेवा. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात गेलेल्या, कबर नसलेल्या महायुद्धातल्या वैमानिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर. शोधायला हे तपशील लागतात, आणि ते ठाऊक असलेली म्हातारी माणसं अजून घरात आहेत तोवरच विचारून घ्या.