शून्य आणि पर्यायी परिकल्पना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संख्याशास्त्रीय चाचणीत दोन विधाने मांडावी लागतात. ‘परिणाम नाही’ किंवा ‘फरक नाही’ असे सांगणारी ती शून्य परिकल्पना; तिच्या विरोधातली ती पर्यायी परिकल्पना. रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स’ या ग्रंथातले उदाहरण प्रसिद्ध आहे. कपात आधी दूध ओतले की चहा, हे चवीवरून ओळखता येते, असा एका बाईंचा दावा होता. ८ कपांतून आधी दूध ओतलेले ४ कप त्यांनी वेगळे काढायचे होते.

गैरसमज : दोन्हींपैकी कोणतेही विधान शून्य परिकल्पना म्हणून चालते.
वस्तुस्थिती : शून्य परिकल्पना नेमकी असावी लागते, कारण संभाव्यता तिच्यावरून काढतात. ‘बाईंना ओळखता येत नाही’ असे मानले, तर ४ कप निवडण्याचे ७० प्रकार सारखेच संभवनीय ठरतात आणि चारही कप निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता ७० त १, म्हणजे सुमारे १.४ टक्के निघते. ‘ओळखता येते’ एवढ्यावरून असा आकडा काढता येत नाही. किती अचूक ओळखता येते, हे त्यात नाही.

गैरसमज : परिकल्पना हाती आलेल्या नमुन्याविषयी असते.
वस्तुस्थिती : नमुन्यातले आकडे समोरच असतात. परिकल्पना त्यापलीकडच्या समष्टीविषयी किंवा क्षमतेविषयी असते. इथे प्रश्न बाईंच्या क्षमतेचा आहे. ८ कप हा केवळ पुरावा.

गैरसमज : आकडे पाहून पर्यायी परिकल्पनेची दिशा ठरवता येते.
वस्तुस्थिती : ‘जास्त’, ‘कमी’ की ‘वेगळे’, हे आधीच ठरवावे लागते. कल पाहून त्याच बाजूची एकपुच्छ (एकाच दिशेचा फरक तपासणारी) चाचणी घेतली, तर शून्य परिकल्पना खरी असूनही नाकारली जाण्याची ५ टक्के मानलेली शक्यता सममित चाचणीत प्रत्यक्षात १० टक्के होते.

गैरसमज : शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, म्हणजे ती सिद्ध झाली.
वस्तुस्थिती : किमान ३ कप अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता ७० त १७, म्हणजे सुमारे २४ टक्के आहे. ही ५ टक्क्यांच्या मर्यादेहून खूप जास्त आहे, म्हणून ३ कप ओळखल्यास शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. पण क्षमता नसल्याचेही त्यातून सिद्ध होत नाही. पुरावा अपुरा आहे, एवढाच निष्कर्ष निघतो.

गैरसमज : पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता.
वस्तुस्थिती : शून्य परिकल्पना खरी मानल्यास असा किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हा गैरसमज स्पष्टपणे खोडून काढला आहे.

म्हणून दोन्ही परिकल्पना आकडे गोळा करण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात.