व्हायोलाचा खांदा

वाचकांनी क्षणभर एक करून पाहावे. डावा हात खांद्याच्या उंचीवर समोर धरावा, तळहात वर करावा, कोपर ओढून छातीच्या मध्याखाली आणावे, आणि मग करंगळीची कड आपल्याच गळ्याकडे येईल इतका पंजा पिळावा. मान डावीकडे वळवून हनुवटी खाली दाबावी, आणि या अवस्थेत चारही बोटे झरझर उचलून टेकवावीत. दोन मिनिटांत खांदा कुरकुरू लागतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील व्हायोलावादक याच अवस्थेत, सुमारे सहाशे ग्रॅम वजनाचे लाकूड जबडा आणि खांदा यांच्यामध्ये धरून, दिवसाचे कित्येक तास आणि आयुष्याची तीस-चाळीस वर्षे काढतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात उभी हयात घालवलेल्या एका वृद्ध गोमंतकीय वादकाच्या जबड्याखाली, डाव्या बाजूस, रुपयाएवढा काळपट आणि घट्टा पडल्यासारखा डाग मी पाहिला आहे. त्यावरून सहज बोट फिरवीत त्यांनी तो मला दाखवला, एखाद्या पोस्टमनने खांद्यावरचा पट्ट्याचा वळ दाखवावा तसा.

व्हायोला हा व्हायोलिनचा थोरला भाऊ. त्याच्या तारेस षड्ज मानले, तर व्हायोलिनची त्याच क्रमाची तार त्याचा पंचम होते. म्हणजे दोघांच्या स्वरांत तीनास दोन हे प्रमाण आहे. या हिशेबाने, आणि बाकी सर्व गोष्टी तशाच ठेवल्या तर, व्हायोलाचे पोट व्हायोलिनच्या दीडपट असावयास हवे. व्हायोलिनचे पोट साडेपस्तीस सेंटिमीटर लांब असते, तेव्हा व्हायोलाचे 53 सेंटिमीटर भरावे. परंतु नादशास्त्राचा हुकूम मानून कोणाचा हात लांब होत नाही. म्हणून तडजोड झाली, आणि आज बहुतेक व्हायोले 38 ते 43 सेंटिमीटरांच्या दरम्यान असतात. त्यांचा आवाज किंचित अनुनासिक, घोगरा, आतल्या आत दाटून राहिल्यासारखा येतो, तो या तडजोडीमुळेच. आणि मला तो फार प्रिय आहे, हे सांगून टाकणे बरे. पण ही तडजोडही वादकाला स्वस्त पडलेली नाही, कारण जो तो आवाजाच्या लोभाने शक्य तितके मोठे वाद्य खांद्यावर घेऊ पाहतो.

या वाद्यांचा आकार पूर्वजांनी एकदा ठरवून दिला असून त्यास हात लावणे म्हणजे पाखंड, अशी एक समजूत रसिकांत फार दृढ आहे. दप्तर उघडून पाहिले तर तिला आधार सापडत नाही. सोळाव्या शतकात इटलीतील ब्रेशिया गावी गास्पारो दा सालो आणि त्याच्या समकालीन कारागिरांनी जे अवाढव्य व्हायोले घडविले, त्यांतील कित्येकांची पोटे पुढच्या पिढ्यांनी सरळ कापून लहान केली. स्ट्रादिवारीने 1690 मध्ये मेदिची दरबारासाठी केलेला ‘टेनर’ व्हायोला फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे; त्याचे पोट जवळजवळ 48 सेंटिमीटरांचे, आणि तो मूळ मानेसह जसाच्या तसा राहिला म्हणून जगभर वाखाणला जातो. त्याची ही अपूर्वाईच पुष्कळ सांगून जाते, कारण स्ट्रादिवारीच्या बाकीच्या जवळजवळ सर्व वाद्यांच्या माना सन 1800 च्या आगेमागे काढून त्यांजागी अधिक लांब आणि मागे झुकलेल्या माना बसविण्यात आल्या. हनुवटीखालची वाटीसुद्धा प्राचीन नव्हे. ती लुई श्पोर या जर्मन वादकाने 1820 च्या सुमारास काढली. तेव्हा ज्या रूपास आपण परंपरा म्हणून वंदन करतो, ते रूप प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतलेले आहे. फक्त ती गरज बहुधा सभागृहाची असे, वादकाच्या देहाची क्वचितच.

ही ओढाताण एका माणसाच्या आयुष्यात पाहावयाची असेल, तर लायोनेल टर्टिसकडे पाहावे. 1876 साली जन्मलेल्या या इंग्रज वादकाने, ज्या काळी व्हायोला म्हणजे वाया गेलेल्या व्हायोलिनवादकांची सोय असा लौकिक होता, त्या काळी त्याला एकलवादनाच्या आसनावर नेऊन बसविले. त्याचा स्वतःचा व्हायोला व्हेनिसच्या मोन्तान्याना या कारागिराचा, साडेत्रेचाळीस सेंटिमीटरांचा, अतिशय देखणा आणि तितकाच दमविणारा होता. 1937 मध्ये, कीर्तीच्या ऐन शिखरावर असताना, उजव्या हातातील स्नायूंच्या दुखण्याने त्याने निवृत्ती जाहीर केली. दुसरा कोणी असता तर आठवणी लिहीत बसला असता. टर्टिसने आर्थर रिचर्डसन या कारागिरास हाताशी धरले आणि 42.5 सेंटिमीटरांचा असा व्हायोला आखला, की ज्याचे पोट रुंदीला भरघोस असूनही हाताला आवरेल. त्याने या आराखड्यावर कसली मक्तेदारी ठेवली नाही. मागेल त्या कारागिरास ती रेखाचित्रे पाहावयास मिळत, आणि त्यांवरून देशोदेशी शेकडो व्हायोले तयार झाले. पुढे तो पुन्हा रंगमंचावर आला आणि 98 वर्षे जगला.

दुखणे त्याचे एकट्याचे नव्हते. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या 2,212 वादकांची पाहणी 1988 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत शंभरांपैकी शहात्तर जणांनी, वादनावर परिणाम होईल इतकी गंभीर निदान एक तरी आरोग्याची तक्रार नोंदविली. अशा तक्रारी पूर्वी कोणी उघड करीत नसे. दुखते म्हणावे तर पुढच्या हंगामाची नेमणूक जाण्याची धास्ती.

न्यू जर्सीतील कार्लीन हचिन्स या शिक्षिकेने मात्र आवाज की देह हा पेच मुळातूनच सोडविला. तिने नादशास्त्राला त्याचे पुरते माप दिले, आणि एवढे थोर वाद्य खांद्यावर राहत नाही, तर ते चेलोसारखे उभे धरून वाजवावे, असे ठरविले. योयो मा या विख्यात चेलोवादकाने संगीतकार बार्टोकचा व्हायोला-कॉन्चेर्टो तिच्या अशाच उभ्या वाद्यावर ध्वनिमुद्रित केला. आपल्याकडील वाचकांना यात नवल वाटू नये. व्हायोलिन कर्नाटक संगीतात येऊन आता सुमारे दोनशे वर्षे झाली, आणि आपल्या वादकांनी त्याच्या लाकडास धक्का न लावता बैठकच बदलून टाकली. मांडी घालून बसावे, वाद्याचे शिर उजव्या पावलावर टेकवावे आणि दुसरे टोक छातीशी ठेवावे, की डाव्या हातावरचा वाद्य पेलण्याचा भार उतरतो आणि तो मींडेसाठी मोकळा होतो. वाईला जन्मलेले वि. गो. जोग किंवा गायकी अंगाने वाजविणारे डी. के. दातार यांचा हात तारेवरून ज्या सहजतेने घसरत जाई, तिच्यामागे या बैठकीचा मोठा हिस्सा आहे.

उभे धरण्याची ही युक्ती पाश्चात्त्य व्हायोलावादकांच्या गळी फारशी उतरली नाही. त्यांस वाद्य खांद्यावरच हवे होते. हंगेरीत जन्मलेला आणि टोरांटोत काम केलेला कारागीर ओटो एर्देश याची पत्नी रिव्का गोलानी ही नामांकित वादिका. वरच्या सप्तकात जाताना तिच्या तळहाताची टाच वाद्याच्या रुंद खांद्यावर अडे आणि बोटे पुढे पोचत नसत. एर्देशने काय केले, तर ज्या बाजूने हात वर चढतो त्या बाजूचा वाद्याचा खांदा आत घेतला, शिंप्याने बाही रुतते म्हणून काख खोल कापावी तसा. दुसरा खांदा पूर्ववत राहिला. प्रथमदर्शनी डोळा अडखळतो, वाद्याचा एक लचका तुटल्याचा भास होतो. पण हात विनासायास वर जातो, आणि पोटातील हवा फारशी घटत नसल्याने आवाजही भरदार राहतो. झालेल्या सर्व प्रयोगांत मला हा अधिक मनाजोगा वाटतो, कारण त्यात कारागिराने एका विशिष्ट हाताकडे, तो नेमका कोठे अडतो याकडे, डोळे लावून पाहिले आहे.

याच विचाराचे टोक अमेरिकन वाद्यकार डेव्हिड रिव्हिनस याने गाठले. त्याच्या वाद्याचे नाव ‘पेलेग्रिना’, म्हणजे इटालियन भाषेत यात्रेकरू स्त्री. हात जेथे आडवा येतो तेथे पोट आखडलेले, जेथे येत नाही तेथे ते तिरपे फुगविलेले, आणि बोटांची पट्टी मनगटाला सुखावेल अशा बेताने कललेली. दालीच्या चित्रातील वितळती घड्याळे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस या वाद्याची कल्पना येईल. अशा वाद्यावर पहिला आक्षेप येतो तो डोळ्यांचा. रांगेत बसलेल्या बारा व्हायोल्यांपैकी एक वाकडा दिसला की वाद्यवृंदाची शोभा जाते म्हणतात. आणि तरीही याच वाद्यवृंदांत नव्या वादकाची परीक्षा बहुधा पडद्याआडून घेण्याची वहिवाट आहे, जिथे परीक्षकांस वादक दिसत नाही की वाद्य. सान फ्रान्सिस्को सिम्फनीतील डॉन एर्लिच हा वादक ‘पेलेग्रिना’ घेऊनच त्या वाद्यवृंदात बसत असे, इतरांच्या सरळ व्हायोल्यांच्या रांगेत, पहिल्या बाकांजवळ, साऱ्या सभागृहाला दिसेल असा.