गाडीतल्या नळाची धार बारीक का होते?

प्रदर्शनांत माल घेऊन गावोगाव फिरणारे आमच्यासारखे काही कापडवाले गाडीतच झोपण्याची व पाण्याची सोय करून घेतात. अशा गाडीत टाकी खाली असते आणि बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा लहान पंप पाणी ओढून नळाला देतो. धार बारीक झाली की गॅरेजवाला पंपच बदलायला सांगतो. आम्हीही एकदा बदलला. पैसे गेले, धार तशीच! दोष पंपाआधीच्या जाळीत निघाला. बोअरच्या पाण्यातली वाळू तिच्यात गच्च बसली होती.

तेव्हा व्यापारी बंधूंनी आधी एवढे पाहावे की धार एकाच नळाची कमी आहे की सगळ्यांची. एकाचीच असेल तर नळाच्या तोंडाची जाळी काढून सिरक्यात भिजवावी, क्षार सुटतात. सगळ्यांची असेल तर पंपाची जाळी धुवावी. टाकीत पाणी असूनही ते थुंकत थुंकत येत असेल, तर टाकी व पंप यांमधल्या नळीत हवा शिरते आहे, क्लिपा आवळाव्यात. टाकीची हवेची नळी चोंदली तरी पंपाला पाणी ओढता येत नाही. झाकण सैल करताच धार वाढली, की समजावे दोष तेथेच.

एवढ्यानेही फरक पडला नाही, तर पंप चालू असताना त्याच्या तारांवर व्होल्टेज मोजून घ्यावे. बॅटरीवर १२.५ आणि पंपाजवळ १०.५ दिसले, तर तार बारीक आहे किंवा जोड गंजला आहे. पंप बिचारा निर्दोष असतो.